वाचनाची आवड आणि वाङ्मयाची निवड

(दर्यापूर येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की दर्यापूर, अंजनगाव, अकोट, मूर्तिजापूर या पट्ट्यातील अनेक घरांत एकच संवाद ठरल्यासारखा होतो. गावच्या वाचनालयातील हाती लागेल ते पुस्तक वाचून संपविलेला एखादा मुलगा किंवा मुलगी 'मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. करायचे आहे' असे सांगते आणि वडील, काका, शेजारी सगळे एका सुरात विचारतात, "मराठी घेऊन काय करतं? पुस्तकं वाचून पोट भरते काय?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. ज्या घरात पेरणीसाठी काढलेले कर्ज कापसाच्या भावावर फिटायचे किंवा साचायचे असते, त्या घराने पोटाचा विचार आधी करावा यात गैर काही नाही. परंतु हा प्रश्न कोणाला विचारला जातो आणि कोणाला विचारला जात नाही, हे समाजवादी कार्यकर्त्याने नीट पाहिले पाहिजे.

पुण्या-मुंबईच्या सुस्थित घरातील मुलीने इंग्रजी वाङ्मय घेतले तर तिच्या रसिकतेचे कौतुक होते. तिच्या पोटाची सोय घराने आधीच करून ठेवलेली असते, म्हणून आवड हे तिच्या निवडीचे पुरेसे कारण ठरते. खारपाणपट्ट्यातील कोरडवाहू कास्तकाराच्या, सालदाराच्या किंवा जिनिंगमधील मजुराच्या मुलाला मात्र आवड हे कारण सांगण्याची मुभा नसते. त्याने उपयोग सांगावा लागतो. गरिबाच्या मुलाने उपयुक्त तेवढेच शिकावे, सुंदर ते इतरांनी शिकावे, अशी ही वाटणी आहे. ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. पण ती पाळली जाते, आणि दुःखाची गोष्ट ही की पुरोगामी म्हणविणारी माणसेही ती पाळतात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ही वाटणी आहे.

दर्यापूरचा प्रदेश या दृष्टीने बोलका आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील ही काळी, भारी जमीन. खाली पाणी आहे, पण ते खारे. विहीर खणून ओलित करण्याचा मार्ग येथे बहुतेकांना बंद. त्यामुळे सारी भिस्त पावसावर आणि पऱ्हाटीवर. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची गरज भासली. पुढे मूर्तिजापूरहून बनोशावरून अचलपूरकडे जाणारा अरुंद मार्गाचा लोहमार्ग टाकला गेला तोही कापसासाठी. लोकांनी ज्या गाडीला प्रेमाने 'शकुंतला' म्हटले, ती मुळात ब्रिटिश भांडवलाच्या कंपनीची मालगाडी होती. माणसांची सोय ओघाने झाली. आता ती गाडीही बंद पडली आहे. या साऱ्या इतिहासात या भूमीने काय द्यावे हे बाहेरच्यांनी ठरविले. जो प्रदेश कच्चा माल पुरविण्यासाठीच आहे असे गृहीत धरले गेले, त्या प्रदेशातील मुलेही कच्चा माल म्हणूनच पाहिली गेली तर नवल नाही. कारखान्याला, कार्यालयाला, पोलीसभरतीला ती किती उपयोगी पडतील, एवढाच हिशेब मांडला जातो.

आणि तरीही मराठी गद्याचा आरंभ याच मुलखात झाला, ही गोष्ट येथील शाळकरी मुलांना जेवढ्या अभिमानाने सांगितली जावयास हवी तेवढी ती सांगितली जात नाही. अमरावती जिल्ह्यातच मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून, विचारून, जुळवून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. म्हाइंभट शास्त्री होते. संस्कृत ग्रंथांवर त्यांचे प्रभुत्व होते. असा माणूस लोकांच्या बोलीतील आठवणी गोळा करीत हिंडतो आणि एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी भिन्न निघाल्या तर तो भेदही नोंदवून ठेवतो. आज विद्यापीठांत ज्याला संशोधनाची शिस्त म्हणतात, तीच ही होय. त्याच परंपरेत महदाइसा झाली. ती विधवा होती आणि फार प्रश्न विचारीत असे. तिचे 'धवळे' हे मराठीतील स्त्रीचे पहिले उपलब्ध काव्य मानले जाते.

त्या परंपरेतील एक आठवण कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. चक्रधरांनंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. त्यांच्या भोवतीच्या पंडितांना संस्कृतात लिहिण्याची हौस होती. आचार्यांनी त्यांना अडविले. संस्कृतात लिहिले तर आपल्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील, असे त्यांचे कारण होते. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी या भागात कोणी तरी ज्ञानाच्या भाषेचा प्रश्न असा विचारला की, ही भाषा कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते? डॉ. राममनोहर लोहियांनी इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध जे आंदोलन उभारले त्याचा गाभा याहून वेगळा नव्हता. आता ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आहे आणि रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही आले आहे. २०२४ मध्ये त्याचे पहिले कुलगुरू नेमले गेले. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु भाषेला दर्जा आणि भाषा शिकू पाहणाऱ्या मुलीला टोमणा, असे दोन्ही एकाच जिल्ह्यात चालू राहावे हे काही शोभणारे नाही.

वाङ्मय शिकण्याची इच्छा ही पोट भरलेल्यांची चैन आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही इच्छा पूर्वी कोणाला नाकारली गेली हे आठवावे. एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्याला संस्कृत शिकविण्यास शिक्षकांनी नकार दिला. त्यांना नाइलाजाने फार्सी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या बळावर केला. कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्रात त्यांनी मिळविलेल्या पदव्या आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ यांचा उल्लेख सर्वत्र होतो, आणि तो योग्यच आहे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्यांना तर त्याचा विशेष अभिमान वाटावा. पण आवडीचा विषय निवडू न दिला गेल्याची ती शाळेतील घटना तेवढीच महत्त्वाची आहे. सनातन्यांना हे नेमके कळले होते की, अस्पृश्याच्या मुलाने हिशेब शिकला तर तो फार तर कारकून होईल. पण तो ग्रंथांच्या मुळाशी गेला तर ग्रंथांनाच जाब विचारील. पुढे बाबासाहेबांनी तसा जाब विचारलाही. ज्या माणसाने पुस्तकांना जागा पुरावी म्हणून दादरला 'राजगृह' बांधले, त्याच्या अनुयायांना तरी वाचनाची आवड ही क्षुल्लक गोष्ट वाटू नये.

दुसरे उदाहरण अमरावती जिल्ह्यातलेच आहे. पापळचे पंजाबराव देशमुख हे शेतकऱ्याच्या घरातले. जन्म १८९८ चा. त्यांनी विलायतेत जाऊन बॅरिस्टरी केली हे सर्वांना ठाऊक असते. केंद्रात ते कृषिमंत्री होते हेही ठाऊक असते. त्यांचा ऑक्सफर्डचा प्रबंध मात्र शेतीवर नव्हता. तो वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर आणि विकासावर होता. १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. कुणब्याच्या मुलाने वेद ऐकण्याचाही अधिकार नाही असे मानणाऱ्या समाजातून तो निघाला आणि वेदांचा इतिहास लिहून परत आला. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह झाला, त्यात पंजाबराव पुढे होते. पुढे त्यांनी उभी केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था वऱ्हाडभर पसरली. वैदिक वाङ्मयाचा हा अभ्यास शेतकऱ्याला काय उपयोगाचा, असे त्या काळी पापळमध्ये कोणी विचारले असते तर ताबडतोब उत्तर देता आले नसते. उत्तर द्यायला वीस वर्षे लागली असती.

येथे अर्थशास्त्राची थोडी साक्ष काढली पाहिजे, कारण 'उपयोग' हा शब्द लोक अर्थशास्त्राच्या नावाने वापरतात. शिक्षण ही माणसात केलेली भांडवल-गुंतवणूक होय, हा विचार गेल्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. थिओडोर शुल्ट्झ यांचे त्यावरील प्रसिद्ध व्याख्यान १९६१ मध्ये छापले गेले. १९७९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शासनकर्त्यांनी या विचाराचा सोयीस्कर अर्धा भाग उचलला. कोणत्या पदवीमागे पुढे किती पगार मिळतो ते मोजावे आणि त्यावरून पदवीची किंमत ठरवावी, एवढेच त्यांना आवडले. परंतु शिक्षणाचा एक भाग गुंतवणूक असतो तसा दुसरा भाग उपभोग असतो, म्हणजे शिक्षणातून मिळणारे समाधान हेच त्याचे फळ असते, असे खुद्द शुल्ट्झ यांनी त्या विवेचनात मान्य केले आहे. वर्गात हा परिच्छेद बहुधा घाईने उरकला जातो, कारण समाधान मोजता येत नाही आणि परीक्षेत त्यावर गणित घालता येत नाही. शिवाय वेतनावरून मूल्य ठरवावयाचे तर बाजारात ज्याला किंमत मिळते तेच मौल्यवान, असे म्हणावे लागेल. मग कापूस वेचणाऱ्या बाईचे श्रम आणि वायदेबाजारातील दलालाचे श्रम यांच्या मूल्याबद्दल बाजार जे सांगतो तेही मान्य करावे लागेल. समाजवादी माणूस ते मान्य करीत नाही. मग पदव्यांच्या बाबतीत तो बाजाराचा निकाल का शिरोधार्य मानतो?

याहून जुनी साक्ष जॉन स्टुअर्ट मिल यांची आहे. वडिलांनी त्यांना तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकविण्यास आरंभ केला. तर्कशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा यांचे पाठ लहानपणीच झाले. समाजसुधारणा हे जीवनाचे ध्येय ठरून गेले. १८२६ मध्ये, विसाव्या वर्षी, या तरुणाने स्वतःला प्रश्न केला की, ज्या सुधारणांसाठी आपण झटत आहोत त्या सगळ्या याच क्षणी घडून आल्या तर आपल्याला आनंद होईल काय? मनाने 'नाही' असे उत्तर दिले आणि ते कोसळले. या खिन्नतेतून त्यांना सावरले त्यात १८२८ मध्ये वाचलेल्या वर्ड्‌स्वर्थच्या कवितेचा मोठा वाटा होता, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. एकोणिसाव्या शतकातील एक थोर अर्थशास्त्रज्ञ कवितेबद्दल असे सांगतो. रात्रंदिवस मोर्चे, निवेदने, सभा यांत गढलेल्या आणि पंधरा-वीस वर्षांनी आतून कोरड्या पडलेल्या कार्यकर्त्यांची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांनी मिलचे हे प्रकरण अवश्य वाचावे.

चळवळीत वाङ्मयाबद्दल एक प्रकारचा संशय असतो, हे नाकारून उपयोग नाही. कथा-कविता वाचणारा तरुण मऊ असतो, तो भूमिका घेत नाही, असे बोलले जाते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीची जडणघडण पाहिली तर उलट चित्र दिसते. साने गुरुजी अंमळनेरच्या शाळेतले शिक्षक आणि लेखक. १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले, आणि १९४८ मध्ये 'साधना' साप्ताहिक सुरू केले. वसंत बापट कवी आणि प्राध्यापक. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गावोगाव जे नेले त्यात त्यांची लेखणी होती. ग. प्र. प्रधान फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत. बेचाळीसच्या आंदोलनात ते तुरुंगात गेले, आणीबाणीतही गेले आणि मध्यंतरी व नंतर पुण्याच्या पदवीधरांचे प्रतिनिधी म्हणून विधान परिषदेत त्यांनी काम केले. त्यांच्या 'साता उत्तरांची कहाणी' या पुस्तकात परस्परविरोधी राजकीय विचारांची माणसे आपापली बाजू मांडतात, आणि प्रत्येकाची बाजू ऐकून घेतली जाते. विरोधकाच्या मनात शिरून पाहण्याची ही सवय राजकीय सभांतून लागत नाही. ती कादंबऱ्या-नाटके मनापासून वाचणाऱ्याला लागते, आणि लोकशाही मानणाऱ्या पक्षाला तिची गरज आहे.

आता दुसरी बाजू. वाचनाची आवड आहे म्हणून वाङ्मयाचाच अभ्यास केला पाहिजे असे नाही, हा आक्षेप खरा आहे. परतवाड्यात १९१६ मध्ये जन्मलेले गो. नी. दांडेकर शाळा अर्धवट सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात गेले. गाडगेबाबांच्या सहवासात हिंडले. आणि तरीही मराठीतील मोठे कादंबरीकार झाले. उद्धव शेळके यांनी 'धग' लिहिली ती प्राध्यापकाच्या खुर्चीवर बसून नव्हे; पोटासाठी लेखणी झिजवीत त्यांनी अमरावतीत आयुष्य काढले. १९६० मधील त्या कादंबरीतील कौतिक ही शिंप्याच्या घरातील बाई नवऱ्याचा नाकर्तेपणा, त्याचे महारोगाचे दुखणे आणि दारिद्र्य यांच्याशी झुंजत असतानाही मुलाच्या शाळेचा ध्यास सोडीत नाही. वऱ्हाडी बोली इतक्या ताकदीने त्यापूर्वी कादंबरीत क्वचितच उतरली होती. लेखक होण्यासाठी पदवी लागत नाही, हे दोघांनी सिद्ध केले.

परंतु वाङ्मयाचा अभ्यास हा लेखक तयार करण्याचा कारखाना नव्हेच. आवडीने वाचणारा आवडेल तेवढे वाचतो आणि आवडले नाही ते खाली ठेवतो. अभ्यास करणाऱ्याला न आवडणारेही वाचावे लागते. एखादे पुस्तक आपल्याला का आवडले आणि का आवडले नाही याची कारणे द्यावी लागतात. शब्दाचा अर्थ शंभर वर्षांपूर्वी काय होता ते शोधावे लागते. 'धग' वाचून डोळे भरून येणे ही आवड झाली. कौतिकची बोली अमरावतीची की वर्ध्याची, तिच्या घराची घडी नवऱ्याच्या दुखण्याने मोडली की आधीच मोडत आली होती, आणि लेखकाने तिला एकही मोठे भाषण का दिले नाही, हे प्रश्न विचारणे हा अभ्यास. अकोला जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातून आलेले कवी विठ्ठल वाघ मराठीचे प्राध्यापक झाले आणि त्यांनी वऱ्हाडी म्हणींचा अभ्यास केला. पाट्यावर, बांधावर, बैलबाजारात बोलले जाणारे शब्द विद्येचा विषय होऊ शकतात, हे वऱ्हाडातील मुलांना त्यातून कळले. ज्या मुलाची बोली शाळेत 'अशुद्ध' म्हणून खोडली गेली, त्याच्यासाठी ही लहानसहान गोष्ट नव्हे.

याहून कठीण आक्षेप बेकारीचा आहे. सदानंद देशमुख हे बुलडाणा जिल्ह्यातील, स्वतः मराठीचे प्राध्यापक. त्यांच्या 'बारोमास' या २००२ मधील कादंबरीला २००४ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. तिचा नायक एकनाथ एम.ए., बी.एड. झालेला शेतकरीपुत्र आहे. शिक्षकाच्या नोकरीसाठी लागणारा पैसा त्याच्यापाशी नाही, आणि शेती त्याला जगू देत नाही. ही कादंबरी वाचून कोणी म्हणेल की, पाहा, मराठी शिकण्याचे हे फळ. तो वाचक कादंबरीला उलटे धरून वाचत आहे. एकनाथच्या वाट्याला आलेली बेकारी मराठीमुळे नाही. नोकऱ्या विकल्या जातात आणि शेतमालाला भाव नाही म्हणून ती आहे. आज अभियांत्रिकीची पदवी घेऊन घरी बसलेली मुले वऱ्हाडातल्या प्रत्येक मोठ्या गावात आहेत, पण त्यांना कोणी 'यंत्रे शिकून पोट भरते काय' असे विचारीत नाही. दोष व्यवस्थेचा असताना शिक्षा विषयाला केली जाते.

तथापि कार्यकर्त्यांनी विद्यार्थ्यांना खोटी आशा दाखवू नये. वाङ्मय घेतल्याने नोकरी लागेल असे सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. राज्यातील महाविद्यालयांत अनेक पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि काम तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडून करून घेतले जाते. त्यांना तासांच्या हिशेबाने मानधन मिळते. सुट्टीच्या महिन्यांत तेही नाही. ज्या अध्यापकाला स्वतःच्या पुढच्या वर्षाची शाश्वती नाही, त्याने विद्यार्थ्याला दोन हजार पानांचा ग्रंथ सावकाशीने वाचावयास सांगावा, ही अपेक्षा क्रूर आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० विषयांच्या मुक्त निवडीबद्दल मोठ्या उत्साहाने बोलते. निवड मुक्त असण्यासाठी निवडलेला विषय शिकविणारा माणूस कायम असावा लागतो, एवढी साधी गोष्ट त्या उत्साहात निसटते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. ग्रामीण भागातील कला शाखेत वाङ्मय घेणारे सगळेच विद्यार्थी आवडीने येतात, असे नाही. अनेकजण दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून येतात. मुलींच्या बाबतीत तर कारण बहुधा अंतराचे असते. अमरावतीला किंवा अकोल्याला खोली करून राहण्यास घर परवानगी देत नाही, विज्ञान शाखेचा खर्च झेपत नाही. मग दर्यापूरचे जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालय आहे, एस.टी. आहे, म्हणून बी.ए. तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालय असणे ही फार मोठी गोष्ट आहे. ते नसते तर यांतील कित्येकींचे शिक्षण बारावीलाच संपले असते. पण जिला पदार्थविज्ञान शिकावयाचे होते तिने नाइलाजाने मराठी घेणे, आणि जिला मराठी शिकावयाचे होते तिने नाइलाजाने परिचारिकेचा अभ्यासक्रम घेणे, हे दोन्ही एकाच अन्यायाचे प्रकार होत. आवडीचा हक्क मागावयाचा तर तो दोघींसाठी मागावा लागेल. वाङ्मयाचा कैवार घेणाऱ्यांनी विज्ञानाला नाक मुरडण्याचे कारण नाही.

मुलींच्या वाचनातील खरा अडथळा वेळेचा आहे, आणि त्याची चर्चा फारच थोडी होते. पुस्तकाची किंमत नाही देता आली तर पुस्तक मागून आणता येते. वेळ मागून आणता येत नाही. दिवाळीच्या आगेमागे पहिली वेचणी सुरू होते आणि पुढे दोन-तीन महिने चालते. महाविद्यालयाचे ऐन शिकविण्याचे दिवस नेमके हेच. आई पहाटे वेचायला गेली की घर, लहान भावंडे आणि गुरे मुलीच्या अंगावर पडतात. कित्येकजणी स्वतःच वेचायला जातात, कारण किलोमागे मिळणारी मजुरी घराला हवी असते. संध्याकाळी पुस्तक उघडावे तर डोळे मिटतात. अशाही स्थितीत जी मुलगी ओढणीखाली वाचनालयाचे पुस्तक लपवून शेतात नेते आणि जेवणाच्या सुट्टीत बाभळीखाली चार पाने वाचते, तिच्या आवडीला चैन म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. भरल्या घरात वाचनाची सवय लागणे सोपे आहे. येथे ती टिकवावी लागते.

दर्यापूरशेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावात १८७६ मध्ये गाडगेबाबा जन्मले. ते स्वतः निरक्षर होते. मामाची जमीन सावकाराने कागदाच्या जोरावर गिळलेली त्यांनी तरुणपणी पाहिली होती. अक्षर न येण्याची किंमत त्यांना कोणी समजावून सांगावी लागली नाही. जेवणाचे ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण मुलांना शिकवा, असे ते कीर्तनातून सांगत. या उपदेशाचा उच्चार आज प्रत्येक व्यासपीठावरून होतो. त्यांनी उपदेशाला 'फायद्याचे तेवढे शिकवा' अशी पुस्ती जोडली नव्हती, हे मात्र विसरले जाते. सावकाराचा कागद वाचता यावा एवढ्यापुरती साक्षरता पुरेशी आहे असे कोणी म्हणेल. ज्याला कागदाच्या ओळीमागचा हेतू वाचावयाचा आहे, पीकविम्याची अट, भूसंपादनाची नोटीस, मंत्र्याचे आश्वासन यांतील शब्द कोठे निसरडे आहेत ते ओळखावयाचे आहे, त्याला शब्दांशी दीर्घ परिचय असावा लागतो. शब्द कसे फसवितात आणि कसे खरे बोलतात, याचे शिक्षण वाङ्मयाच्या वर्गात मिळते. हा वाङ्मयाचा उपयोग म्हणून सांगितला तर तो पुरेसा आहे; पण ज्या मुलीला कविता केवळ कविता म्हणून आवडते, तिच्यावर हा उपयोग लादण्याचेही कारण नाही. तिची आवड हेच तिचे कारण.

मग पक्षाने करावयाचे काय? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. त्या कायद्याखाली राज्यात अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत; अ, ब, क, ड अशी त्यांची वर्गवारी आहे. कागदावर ही संख्या डोळ्यांत भरते. गावातील 'ड' वर्गाचे ग्रंथालय प्रत्यक्षात बहुधा एक खोली, चार कपाटे आणि शेतमजुरापेक्षाही कमी मोबदल्यात राबणारा ग्रंथपाल असे असते. अनुदान वेळेवर येत नाही, आले तर त्यातून वीजबिल भरावे की पुस्तके घ्यावीत हा प्रश्न पडतो. पक्षाच्या तालुका शाखेने रस्ते आणि पाणी यांच्या निवेदनांत ग्रंथालयाचा विषय कधी घातला होता, हे जुन्या निवेदनांच्या प्रती काढून एकदा पाहावे. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या ग्रंथालय समितीवर निवडून यावे. त्या निवडणुकीला कोणी उभे राहत नाही, त्यामुळे ते कठीण नाही. वेचणीच्या महिन्यांत ग्रंथालय सकाळऐवजी रात्री उघडे ठेवण्याचा ठराव मांडावा. स्त्री सभासदांना पुस्तक घरपोच देण्याची व्यवस्था करावी. एक सायकल आणि एक पिशवी एवढेच भांडवल त्याला लागते. विद्यापीठाच्या अधिसभेत ज्यांचे प्रतिनिधी आहेत त्यांनी भाषा विषयांच्या रिक्त पदांची महाविद्यालयवार यादी मागवावी आणि ती या साप्ताहिकाकडे पाठवावी.

आणि येत्या जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत दोन कार्यकर्त्यांनी महाविद्यालयाच्या फाटकाशी बसावे. तेथे मुलांबरोबर वडील आलेले असतात. 'मराठी घेऊन काय करतं' हा प्रश्न तेथे पुन्हा होईल. तो ऐकल्यावर व्याख्यान देऊ नये. बापाला चहा पाजावा, मुलीला तिने शेवटचे पुस्तक कोणते वाचले ते विचारावे, आणि ती सांगू लागली की बापाने ऐकावे एवढीच खटपट करावी.